पहाटे चारची तयारी दुपारी दोनला: अपुऱ्या झोपेवर ड्यूटी कशी निभवावी

अपुऱ्या झोपेतली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की ज्याची झोप अपुरी आहे त्यालाच ते कळत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज रात्री सहा किंवा चारच तास झोपू दिलं. दिवसागणिक त्यांचं लक्ष ढळत गेलं आणि शेवटी शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आले. पण आपल्याला किती झोप येतेय, याचा त्यांचा स्वतःचा अंदाज पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ जिथल्या तिथेच राहिला.

रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांचं वॉर्डात हेच होतं. डोळे तारवटलेले, तिसऱ्यांदा तीच ओळ वाचली जातेय, आणि डॉक्टर म्हणतात, "मी ठीक आहे." ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं. म्हणून "दमल्यावर बघू" हा बेत कामाचा नाही. दमल्यावर बघणारं डोकंच दमलेलं असतं. कधी आडवं व्हायचं, शेवटची कॉफी किती वाजता, कोणता डोस कोणाकडून तपासून घ्यायचा, सकाळी घरी कसं जायचं, हे सगळं डोकं ताजं असताना ठरवून कागदावर लिहावं. पहाटे फक्त त्या कागदाप्रमाणे वागायचं.

तीन ते सहा ही वेळच का वाईट

जागेपणात मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपलं की ते उतरतं. हा एक हिशेब झाला. दुसरा हिशेब शरीराच्या घड्याळाचा. आपण किती जागलो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, दिवसाच्या ठरावीक वेळी ते आपल्याला उचलून धरतं आणि ठरावीक वेळी खाली सोडतं. पहाटे तीन ते सहाच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं, घड्याळ तळाला असतं आणि त्याच वेळी साचलेली ओढ शिगेला पोचलेली असते. दोन्ही एकदम अंगावर येतात.

याच घड्याळामुळे दोन फसव्या वेळा तयार होतात. संध्याकाळी सात ते नऊच्या आसपास घड्याळ जोरात जागं ठेवत असतं, म्हणून "ड्यूटीला निघण्याआधी तासभर झोपून घेऊ" म्हणून पडलेला माणूस नुसता कूस बदलत राहतो. आणि सकाळी सात-आठला घड्याळ पुन्हा वर चढतं, तेव्हा रात्रभर न झोपताही तरतरी आल्यासारखी वाटते. झोपेची थकबाकी तशीच असते, फक्त ती जाणवत नाही. गाडी चालवायला बसायची वेळ नेमकी हीच.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी होते आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या जवळ जाते, असं १९९७ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दारू प्यायलेल्या माणसाला आपण सिरिंज हातात घेऊ देणार नाही. चोवीस तास जागलेल्याला मात्र रोज देतो.

ड्यूटीच्या आधी

पहिली नाइट (रात्रपाळी) असेल त्या दिवशी सकाळी जमेल तितकं उशिरा उठा. दुपारी दोन ते चारच्या मध्ये दीड तास झोपा. त्या वेळी घड्याळात एक छोटा उतार असतो, त्यामुळे झोप लागायला सोपं जातं. दीड तास का, तर झोपेचं एक पूर्ण आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि ते संपताना जाग आली तर डोकं सहसा जड होत नाही. यासाठी दुपारी बारानंतर चहा-कॉफी नको. झोप लागली नाही तरी अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडून राहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण "पाच मिनिटं बघतो" म्हणता म्हणता चार वाजतात.

सकाळी आठला सुरू होणाऱ्या चोवीस तासांच्या ड्यूटीसाठी दुपारची झोप मिळत नाही. तिथे आधीच्या दोन-तीन रात्रींचाच आधार. त्या रात्री रोजच्यापेक्षा तास-दीड तास जास्त झोपलं तर पुढचं जागरण कमी बाधतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. ही झोप साठवता येते, असं म्हणणं फार चुकीचं नाही. पण साठा थोडाच असतो, एका रात्रीपुरता.

डुलकी

जागरणावर झोपेशिवाय दुसरं औषध नाही. ड्यूटीवर मिळणारी छोटी डुलकी ही चैन किंवा आळस समजला जातो आणि त्याबद्दल तरुण डॉक्टरांना टोमणे ऐकावे लागतात, हे थांबायला हवं. लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर नासाने केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची संधी दिल्यावर ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उरलेल्या उड्डाणात त्यांचं लक्ष स्पष्टपणे सुधारलं. रुग्णालयातल्या नाइट ड्यूटीवरही असेच निष्कर्ष निघाले आहेत.

डुलकी एक तर १५ ते २० मिनिटांची घ्या, नाहीतर पूर्ण ९० मिनिटांची. मधली, ४५ ते ६० मिनिटांची, शक्यतो टाळा. अर्ध्या तासानंतर गाढ झोप सुरू होते आणि त्यातून उठवलेला माणूस काही वेळ अर्धवट गुंगीत राहतो. जागरण जितकं मोठं तितका तो गाढ झोपेत लवकर शिरतो, म्हणून बावीस तास जागलेल्याने वीस मिनिटांचाच गजर लावावा.

वेळ कोणती? पेंग अनावर होईपर्यंत थांबू नका. रात्री एक ते तीनच्या दरम्यान, म्हणजे घड्याळ तळाला जायच्या आधी घेतलेली डुलकी पहाटे पाचला कोसळून घेतलेल्या डुलकीपेक्षा उपयोगाची असते, आणि उठल्यावरची गुंगीही कमी असते.

आडवं होण्याआधी दोन मिनिटं खर्च करा, पुढच्या वीस मिनिटांचा जीव त्यातच आहे. ड्यूटीवरच्या सिस्टरना किंवा सहकाऱ्याला नेमकं सांगा: "मी दोन वाजून दहा मिनिटांनी झोपतोय, अडीचला उठतोय. फोन तुमच्याकडे. बेड चारचं ऑक्सिजन ९२ च्या खाली गेलं, बेड नऊचा बीपी ९० च्या खाली गेला किंवा नवीन पेशंट आला तर लगेच उठवा. बाकी सगळं अडीचपर्यंत थांबेल." असा निरोप नसला की कान फोनकडे लागून राहतात आणि डोळा लागत नाही. किंवा उलट होतं, उठवायला हवं तेव्हा "डॉक्टर आत्ताच झोपलेत" म्हणून कोणी उठवत नाही. दोन्ही वाईट, दुसरं जास्त वाईट. बूट काढा, दिवा बंद करा, डोळ्यांवर पट्टी असेल तर बांधा, गजर दोन लावा आणि दुसरा हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. खुर्चीत बसून घेतलेली डुलकी चालते, पण मान टेकलेली हवी.

उठल्यावरची १५ ते ३० मिनिटं फार जपायची. या गुंगीत माणूस चालतो, बोलतो, वाक्यंही सरळ असतात, पण हिशेब आणि निर्णय दोन्ही घसरलेले असतात. फोनवर दिलेली ऑर्डर नंतर आठवतच नाही, हे ज्यांनी नाइट केली आहे त्यांना ठाऊक आहे. म्हणून फोन वाजला की आधी उठून बसा, पाय जमिनीला लावा, दिवा लावा, मग उचला. पलंगावर पडल्या पडल्या एकही औषध सांगू नका. सांगायची वेळ आलीच तर कागदावर लिहून घ्या, समोरच्याकडून परत वाचून घ्या, आणि पंधरा मिनिटांत स्वतः वॉर्डात जाऊन केस पेपर बघा. इमर्जन्सी असेल तर थांबता येत नाही, तेव्हा जे करताय ते मोठ्याने बोला: औषधाचं नाव, डोस, मार्ग. ऐकणाऱ्याला चूक पकडता येते.

कॉफीचा हिशेब

कॅफीन झोप देत नाही, अॅडेनोसिनची जागा अडवून ठेवतं. साचलेलं सगळं मागे तसंच उभं असतं आणि कॅफीन उतरलं की एकदम पुढे येतं. प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात त्याचा जोर पूर्ण होतो आणि निम्मं बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर हा वेळ बराच लांबतो, धूम्रपान करणाऱ्यांत कमी होतो. एकाच ड्यूटीवरच्या दोघांना एकच कप सारखा लागू पडत नाही तो यामुळेही.

मोठ्या कपातल्या फिल्टर कॉफीत सुमारे ९० मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहाच्या मोठ्या कपात सुमारे ५०. निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, गरोदर असाल तर दिवसभरात २०० च्या आत. ड्यूटीच्या सुरुवातीलाच दोन मग रिचवण्यात अर्थ नाही, त्या वेळी घड्याळ फुकटात जागं ठेवत असतं. अकरा-बारानंतर दर दोन तासांनी अर्धा कप असं थोडं थोडं घेतलं तर पातळी सारखी राहते. शेवटचा घोट झोपायच्या निदान सहा तास आधी. सकाळी नऊला झोपणार असाल तर पहाटे तीननंतर बंद. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि पहाटे पाचच्या कॉफीने दिवसाची झोप मोडली की दुसरी नाइट पहिलीपेक्षा वाईट जाते.

डुलकी आणि कॉफी एकत्र जमतात. कॉफी पटकन प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं आडवं व्हायचं. कॅफीन चढायला लागतं तेव्हाच गजर होतो आणि उठल्यावरची गुंगी कमी राहते.

कॅफीनने डोळे उघडे राहतात, एकसुरी कामात लक्ष टिकतं. गुंतागुंतीचा निर्णय, बदललेली परिस्थिती ओळखणं, नातेवाइकांशी शांतपणे बोलणं, हे त्याने नीट होईल असं समजू नका. एनर्जी ड्रिंकमध्ये तेच कॅफीन असतं, शिवाय साखर. मोडाफिनिलसारख्या जागं ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या स्वतः लिहून घेऊ नका. हाताशी प्रिस्क्रिप्शन पॅड आहे म्हणून डॉक्टरांनाच हा मोह जास्त होतो. सकाळी झोप यावी म्हणून झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेण्याचंही तसंच. दारूने झोप लवकर लागते आणि अर्ध्यातच मोडते.

खाणं आणि उजेड याबद्दल थोडक्यात. मुख्य जेवण ड्यूटीच्या आधी करा. रात्री साखर पचवायची शरीराची ताकद कमी असते, म्हणून बारा ते सहाच्या मध्ये पोटभर जेवलात तर झापड वाढते. भूक लागली तर हलकं आणि थोडं खा, पाणी जवळ ठेवा. रात्रीच्या पहिल्या भागात लख्ख उजेडात बसा, मंद दिव्याच्या कोपऱ्यात नको. दर तासाला उठून वॉर्डात एक फेरी मारली की दहा-पंधरा मिनिटं बरी जातात. गार पाण्याने तोंड धुण्याचा असरही तेवढाच, त्याच्या भरवशावर प्रोसिजरला हात घालू नका.

तीन ते सहामध्ये काम कसं करायचं

थांबू शकणारी जोखमीची कामं या वेळेत ठेवू नका. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) सकाळपर्यंत थांबू शकत असेल तर थांबवा, थांबू शकत नसेल तर रात्री एकच्या आत उरका. रात्री लागणारे पंप, इन्फ्युजन (शिरेतून सावकाश सोडायचं औषध), वजनावर बसणारे लहान मुलांचे डोस यांचं गणित बाराच्या आत करून केस पेपरवर लिहून ठेवा. पहाटे फक्त वाचायचं, गणित करायचं नाही.

जवळून बघा, चूक कुठे शिरते ते. इन्सुलिनचं इन्फ्युजन करायचं आहे: ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट. बाटली १०० युनिट प्रति मिलिलिटरची असेल तर ०.५ मिलिलिटर काढायचं. झोपाळू डोळ्याला "५०" हा आकडा दोनदा दिसतो, साधी मोठी सिरिंज हाताशी असते आणि ०.५ च्या जागी ५ मिलिलिटर भरलं जातं. ५०० युनिट झाले. पंप ६ वर लावला की तासाला सहाऐवजी जवळपास साठ युनिट रक्तात जातात. बाटली ४० युनिट प्रति मिलिलिटरची असेल तर ५० युनिटांसाठी १.२५ मिलिलिटर लागतात, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय हिशेब सुरूच करायचा नाही. इन्सुलिन इन्सुलिनच्याच सिरिंजने काढा, आणि ती सिरिंज त्याच बाटलीच्या ताकदीची हवी.

तपासून घ्यायची एक रीत असते. "हे ०.५ बरोबर आहे ना?" असं विचारलं तर पहाटे चारला समोरचाही "हो" म्हणतो. आपलं उत्तर सांगू नका. बाटली आणि ऑर्डर पुढे ठेवा आणि "तुम्ही काढून सांगा किती येतं" असं म्हणा. दोन उत्तरं वेगवेगळी काढून जुळली तरच पुढे. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम, ओपिऑइड (अफूवर्गातली वेदनाशामकं) आणि लहान मुलांचा प्रत्येक डोस, एवढ्यांसाठी ही रीत मोडायची नाही. तीव्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत जाऊ शकेल अशा जागी ठेवूच नका.

लिहितानाही दशांशचिन्ह जपा. अर्धा लिहिताना आधी शून्य हवं, ०.५, कारण नुसता ठिपका दिसत नाही. पाच लिहिताना पुढे शून्य नको, कारण ५.० चे ५० होतात. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा, इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखं दिसतं आणि डोस दसपट होतो.

पेशंटची ओळख पटवताना नाव आपण सांगून "तुम्ही तेच ना?" असं विचारू नका. झोपेतून उठवलेला पेशंट कशालाही मान हलवतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा, आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर केस पेपरशी जुळवा. सुई परत टोपणात घालू नका, शार्प्सचा (वापरलेल्या सुयांचा) डबा प्रोसिजर सुरू करण्याआधी हाताजवळ आणा. लांब ड्यूट्यांनंतर सुया टोचण्याचं प्रमाण वाढतं, हे इंटर्न डॉक्टरांवरच्या अभ्यासात दिसलं आहे.

थकलेला मेंदू पहिल्या निदानाला चिकटतो. नवी माहिती आली तरी ती त्याच निदानात बसवायला बघतो. म्हणून प्रत्येक नवीन पेशंटच्या कागदाखाली एक ओळ लिहायची सवय लावा: हे नसेल तर दुसरं काय असू शकतं, आणि ते चुकवून चालणार नाही असं आहे का? ओळ कोरी राहिली तर सिनियरना फोन करा. फोन करताना "मी दमलोय" असं म्हणू नका, तो शब्द सगळेच वापरतात. आकडा सांगा: "मी २२ तास जागा आहे, हा ईसीजी तुम्ही एकदा बघा." आकड्यावर वाद होत नाही.

खुणा माहीत असू द्या. तीच ओळ तीनदा वाचणं, लिहिता लिहिता अक्षर ओळीबाहेर उतरणं, मान झुकून दचकून जाग येणं, क्षुल्लक कारणावरून सिस्टरवर चिडणं, "आता जाऊ दे, सकाळी बघतील" असं मनात येणं. यातली एक दिसली तरी वीस मिनिटं मागा. सोबत्यात दिसली तर त्याला हळू आवाजात सांगा, त्याला स्वतःला ती दिसणार नाही.

हँडओव्हर

रात्रीची सगळी चूक सकाळच्या माणसाकडे जाते ती हँडओव्हरमधून, म्हणजे ड्यूटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरांच्या हवाली करण्यातून. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नऊ रुग्णालयांत हँडओव्हरची ठरावीक रीत शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. रीत पाच टप्प्यांची आहे आणि क्रम मोडायचा नाही:

१. पेशंट किती गंभीर: स्थिर, लक्ष ठेवण्याजोगा की नाजूक.
२. थोडक्यात हकीकत.
३. करायची कामं, कोणी आणि किती वाजेपर्यंत.
४. पुढे काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं.
५. ऐकणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत सांगणं.

नमुना असा: "बेड सात, नाजूक. न्यूमोनिया, काल रात्री दहाला दाखल, मास्कने ऑक्सिजनवर. नऊच्या आत ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी) परत करायचा, तुम्ही करायचा. श्वासाचा वेग ३० च्या वर गेला तर आयसीयूला फोन, त्यांना कल्पना दिली आहे." चौथा टप्पा दमलेला माणूस हमखास गाळतो, आणि पाचवा दोघंही गाळतात. उभ्या उभ्या, चालता चालता हँडओव्हर देऊ नका. बसा, कागद समोर ठेवा.

घरी जाताना

अमेरिकेतल्या इंटर्नवरच्या २००५ च्या अभ्यासात २४ तासांहून लांब ड्यूटीनंतर वाहन अपघाताची शक्यता छोट्या ड्यूटीनंतरच्या मानाने दुपटीहून अधिक, २.३ पट निघाली. थोडक्यात बचावण्याचे प्रसंग त्याहून कितीतरी जास्त. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी ६७ मीटर जाते, चालवणारं कोणी नसताना. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने काही मिनिटं जातात, झोप जात नाही.

म्हणून सकाळी कसं जायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. बस, ट्रेन, भाड्याची गाडी, घरचं कोणी न्यायला येणं, काहीही चालेल. स्वतः चालवणं टळतच नसेल तर निघण्याआधी ड्यूटी रूममध्ये २० मिनिटांची डुलकी घ्या, उठल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मगच किल्ली हातात घ्या. त्या दिवसापुरता कॉफीचा सहा तासांचा नियम मोडला तरी चालेल, दिवसाची झोप थोडी बिघडेल एवढंच. दुचाकीला तर हे आणखी लागू, कारण डुलकीला तिथे माफीच नाही. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळ जागं होतं म्हणून गडद चष्मा लावायला सांगतात, तो दुसरं कोणी चालवत असेल तरच लावा.

दिवसाची झोप आणि शेवटच्या रात्रीनंतर

घरी पोचल्यावर कामं काढू नका, हलकं खाऊन सरळ झोपा. उशीर कराल तितकं घड्याळ वर चढतं आणि झोप तुटक होते. खोली गडद हवी, खिडकीच्या फटीसुद्धा झाका. तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास चांगलं. घरच्यांना वेळ सांगून ठेवा आणि दाराची घंटा बंद करा. चार-पाच तासांत जाग येऊन परत डोळा लागला नाही तर तळमळत पडू नका. उठा आणि संध्याकाळच्या आधी दीड तासाची दुसरी झोप घ्या. दोन हप्त्यांतली झोप मोजायला एकच.

शेवटच्या नाइटनंतर मात्र दिवसभर झोपू नका. दीड ते दोन तास झोपा, दुपारच्या आत उठा, बाहेर उजेडात जा आणि रात्री रोजच्यापेक्षा लवकर झोपा. एका रात्रीत थकबाकी फिटत नाही, निदान दोन चांगल्या रात्री लागतात. मधल्या दिवसात लांबचा प्रवास किंवा मोठा व्यवहार ठेवू नका.

ड्यूटी लावणाऱ्यांच्या हातात याहून जास्त आहे. पाळ्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवा, कारण उलट्या क्रमाशी शरीर सहज जुळवून घेत नाही. दोन ड्यूट्यांमध्ये निदान ११ तास द्या, युरोपात तो कायदाच आहे. सलग नाइट तीन-चारच्या वर नेऊ नका. आणि डुलकीची वेळ रोस्टरवर नावासकट लिहा: दीड ते दोन, अमुक झोपेल, फोन तमुककडे. कागदावर नाव असलं की ज्युनियरला ती मागावी लागत नाही.

सुट्टीच्या दिवसांत सात-आठ तास झोपूनही पेंग येत असेल, घोरणं जोरात असेल किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर दोष ड्यूटीच्या माथी मारून सोडून देऊ नका. स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. पेशंटला हे आपण पहिल्या भेटीत सांगतो. सलग दोन आठवडे मन उदास असेल, किंवा वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर सहकाऱ्याला ओपीडीबाहेर गाठून विचारू नका. रीतसर केस पेपर काढून डॉक्टरांना दाखवा.